कावीळ माणसाला, बिघाड पाण्यात

१९५५च्या पावसाळ्यानंतर दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले. शहराचे सांडपाणी नदीत आणून सोडणाऱ्या नजफगढ नाल्याचे पाणी नोव्हेंबरमध्ये वजिराबादच्या पंपघराजवळ पोहोचले. शहराला पुरवायचे पाणी नेमके तिथूनच उचलले जात होते. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांनी हा धोका ओळखला होता. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीनची मात्राही वाढवली. पुढच्या दिवसांत ना विषमज्वराची साथ आली, ना जुलाब-हगवणीचे रुग्ण वाढले. संकट टळले असे वाटावे, अशीच सारी चिन्हे होती.

डिसेंबर उजाडला आणि दिल्लीकरांचे डोळे पिवळे होऊ लागले. जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत काविळीच्या रुग्णांची संख्या सुमारे २९,३०० झाली. डोळे पिवळे न होता ज्यांना संसर्ग झाला, ते याहून वेगळे. डॉ. आर. विश्वनाथन यांनी या साथीचा सविस्तर अभ्यास करून १९५७मध्ये तो प्रसिद्ध केला. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीविषयी जगभर आजही सांगितला जाणारा हा सर्वांत महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक आहे.

या साथीतून तीन गोष्टी समोर आल्या. पहिली, वाढवलेल्या क्लोरीनने जिवाणू मेले, पण विषाणू वाचले. विषमज्वर होत नाही म्हणून पाणी शुद्ध, असे म्हणता येत नाही. दुसरी, पाणी बिघडल्याचा दिवस आणि माणसे आजारी पडल्याचा दिवस यांत काही आठवड्यांचे अंतर होते. तिसरी सर्वांत दुःखाची: या काविळीने गरोदर स्त्रियांना इतरांपेक्षा फार अधिक प्रमाणात नेले. आज सत्तर वर्षांनंतर आपल्या गावाशहरांत काविळीची साथ येते, तेव्हा याच तीन गोष्टी पुन्हा दिसतात. म्हणून त्या प्रत्येक घरात ठाऊक असायला हव्यात.

दोन विषाणू, एकच वाट

कावीळ हे लक्षण आहे. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात, तेव्हा बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते रक्तातून उचलते, पित्तात मिसळते आणि आतड्यात सोडते. यकृताला सूज आली की हे काम अडते. मग बिलिरुबिन रक्तात साठते, डोळ्यांचा पांढरा भाग आणि त्वचा पिवळी दिसू लागते, लघवी गडद होते. पित्त आतड्यात कमी पोहोचल्यामुळे शौचाचा रंग फिका पडतो.

यकृताला सूज आणणारे पाच मुख्य विषाणू आहेत. त्यांतले बी, सी आणि डी हे रक्त, दूषित सुया, शरीरसंबंध, किंवा बाळंतपणात आईकडून बाळाला अशा वाटांनी पसरतात. ए आणि ई यांची वाट वेगळी आहे. रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडून पाणी, अन्न किंवा हात यांच्यामार्फत ते दुसऱ्याच्या तोंडात जातात. एखाद्या वस्तीत एकाच वेळी शंभर जणांना कावीळ झाली, तर पहिला संशय या दोघांचाच घ्यावा लागतो.

दोघेही अतिशय लहान आहेत. त्यांचा व्यास साधारण ३० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत असे ३० हजारांहून अधिक विषाणू ओळीने मावतील. विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्याभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण नसते. साबण किंवा अल्कोहोल यांनी मोडणारे असे आवरण इन्फ्लुएन्झाच्या किंवा कोविडच्या विषाणूला असते, आणि तोच त्यांचा कच्चा दुवा ठरतो. ए आणि ई विषाणूंना तो दुवाच नाही. पोटातले आम्ल ते सहन करतात. ए विषाणू थंड, ओलसर जागी आठवडेच्या आठवडे टिकतो आणि बर्फात गोठवला तरी मरत नाही. अल्कोहोलचे सॅनिटायझर त्याच्यावर पुरेसे पडत नाही. साबणाने हात चोळून वाहत्या पाण्याखाली धुतले की तो मरण्यापेक्षा हातावरून निघून जातो, आणि तेवढे आपल्याला पुरते.

गिळलेला विषाणू आतड्यातून रक्तात आणि रक्तातून यकृतात पोहोचतो. यकृताच्या पेशींत तो वाढतो, पित्तात उतरतो आणि पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात येऊन विष्ठेतून बाहेर पडतो. या काळात माणसाला काहीच त्रास जाणवत नाही, कारण विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मारत नाही. आपली प्रतिकारयंत्रणा उशिरा जागी होते आणि विषाणू शिरलेल्या पेशींवर तुटून पडते. यकृताला सूज येते ती मुख्यतः त्या हल्ल्यामुळे. म्हणून लक्षणे उशिरा दिसतात. ए विषाणूच्या बाबतीत हा काळ १५ ते ५० दिवसांचा, सरासरी ४ आठवड्यांचा. ई विषाणूच्या बाबतीत २ ते १० आठवड्यांचा.

याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. ए प्रकारच्या रुग्णाच्या विष्ठेतून सर्वाधिक विषाणू बाहेर पडतात ते डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत. म्हणजे तो माणूस धडधाकट असतो, कामावर जातो, घरी स्वयंपाक करतो, लग्नाच्या पंगतीत वाढतो, तेव्हाच तो सर्वांत जास्त पसरवत असतो. कावीळ दिसल्यावर त्याची ताटवाटी वेगळी काढून साथ थांबत नाही. ती थांबते सर्वांनी कायम पाळलेल्या स्वच्छतेने आणि सांडपाण्यापासून अलग ठेवलेल्या पाण्याने.

ओळख पटायला लागलेली वर्षे

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत फाइनस्टोन, कापिकियन आणि पर्सेल या तिघांनी १९७३मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ए विषाणू पाहिला. लवकरच त्याच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी आली. मग भारतातल्या पाण्यातून येणाऱ्या मोठ्या साथी याच विषाणूच्या असणार, असे सगळ्यांनी गृहीत धरले.

ते गृहीतक मोडण्यात पुण्याचा वाटा आहे. पुण्यात १९५२मध्ये विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले आणि १९७८मध्ये ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजेच आपल्याला ‘एनआयव्ही’ म्हणून ठाऊक असलेली संस्था झाली. डॉ. खोर्शेद पावरी यांच्या काळात या संस्थेतल्या संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर रक्ताचे जपून ठेवलेले नमुने तपासले. त्यांत दिल्लीच्या १९५५-५६च्या साथीचे आणि अहमदाबादच्या १९७५-७६च्या साथीचे नमुने होते. या साथी ए विषाणूच्या नव्हत्या आणि बी विषाणूच्याही नव्हत्या. १९८०मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पंचवीस वर्षे गोठवून ठेवलेल्या रक्ताने एक अनोळखी विषाणू असल्याची साक्ष दिली होती.

त्याच सुमारास डॉ. मोहम्मद सुलतान खुरू काश्मीरमध्ये वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षापर्यंत पोहोचले. १९७८च्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यात काविळीची भीषण साथ आली. सुमारे २०० गावे, अंदाजे ५२,००० रुग्ण आणि १,७०० मृत्यू. लोक ओढ्याचे पाणी थेट पीत होते. मृतांमध्ये गरोदर स्त्रियांचे प्रमाण पाहून डॉ. खुरू यांना खात्री वाटली, की ए विषाणू असे वागत नाही. त्यांनी गावोगाव फिरून रुग्ण मोजले, रक्ताचे नमुने घेतले आणि १९८०मध्ये हा वेगळाच आजार असल्याचे मांडले.

विषाणू दिसला तो मात्र १९८३मध्ये. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांत कावीळ पसरली होती. मिखाइल बालायान या शास्त्रज्ञाने आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला. त्याच्या रक्तात ए विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासून होती, त्यामुळे तो आजारी पडला तर कारण दुसरेच असणार हे नक्की होते. सुमारे पाच आठवड्यांनी त्याला कावीळ झाली आणि त्याच्या विष्ठेत विषाणूचे कण सापडले. आजची कोणतीही नैतिक समिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही. १९९०मध्ये या विषाणूची जनुकीय रचना उलगडली आणि हिपॅटायटिस ई हे नाव रुळले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे २ कोटी लोकांना याचा संसर्ग होतो.

पाणी नेमके कुठे बिघडते

दिल्लीत नदीतच घाण मिसळली होती. १९९१मध्ये कानपूरला ई विषाणूची साथ आली आणि अंदाजे ७९,००० लोक आजारी पडले. तिथेही प्रदूषित गंगेचे पाणी शहराला पुरवले गेले होते. महाराष्ट्राला हे दूरचे वाटू नये. २०१२मध्ये पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत ई विषाणूमुळे काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले आणि अनेकांचा जीव गेला. नदीत वरच्या गावाने सोडलेले सांडपाणी खालच्या गावाच्या उपशाजवळ पोहोचणे ही आपल्या बहुतेक नद्यांची अवस्था आहे.

मात्र धरणातून चांगले पाणी आले, शुद्धीकरण केंद्रात ते नीट शुद्ध झाले, तरी नळापर्यंत पोहोचताना ते बिघडू शकते. याचे मुख्य कारण म्हणजे ठरावीक वेळेचा पाणीपुरवठा. आपल्याकडे पाणी दिवसातून एक-दोन तास येते, कुठे दिवसाआड, तर मराठवाड्यातल्या काही शहरांत अनेक दिवसांनी. पाणी सुरू असताना जलवाहिनीत दाब असतो. त्या वेळी फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळते, आतली शुद्धता टिकते. पाणी बंद झाले की दाब संपतो, वाहिनी रिकामी होऊ लागते आणि त्याच सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. शेजारून ड्रेनेजची वाहिनी गळत असेल, नळजोडणी गटारातून गेली असेल, व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये पावसाचे पाणी तुंबले असेल, तर आत शिरते ती घाणच. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की ती थेट स्वयंपाकघरात येते. नळाला थेट मोटार लावून पाणी खेचणारी घरे त्यात आणखी भर घालतात. मोटारीची ओढ फक्त पाणी आणत नाही, शेजारची घाणही आणते आणि ती साऱ्या गल्लीत पसरते.

कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांना चोवीस तास पाणी मिळत होते आणि बाकीच्यांना ठरावीक वेळी. संशोधकांनी दोन्हीकडचे पाणी तपासले. ठरावीक वेळेच्या पुरवठ्यात विष्ठेतले जिवाणू कितीतरी अधिक वेळा सापडले, विशेषतः पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत. शुद्धीकरण केंद्र दोन्हीकडे तेच असूनही फरक पडला. सतत दाब असलेली जलवाहिनी हीच सर्वांत मोठी सुरक्षा आहे, हे यातून कळते.

क्लोरीनबद्दलही एक बारकावा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उर्वरित क्लोरीन असावा लागतो. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तिथे मात्र तो किमान ०.५ मिलिग्रॅम असावा, असे त्याच मानकात म्हटले आहे. शिवाय क्लोरीनला पाण्यात अर्धा तास तरी काम करू द्यावे लागते आणि पाणी गढूळ नसावे लागते. मातीच्या कणांत दडलेल्या विषाणूपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ असताना त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून लगेच पाणी सोडणे म्हणूनच पुरेसे नाही. महाराष्ट्रात गावांच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या ग्रामपंचायतीला कोणते कार्ड मिळाले आहे हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. लाल कार्ड म्हणजे स्रोताला साथीचा मोठा धोका आहे, असा सरकारी इशाराच आहे.

ताटातली वाट

१९८८च्या सुरुवातीला चीनमधल्या शांघाय शहरात सुमारे ३ लाख लोकांना ए प्रकारची कावीळ झाली. कारण होते शिंपले. सांडपाण्याने दूषित झालेल्या किनाऱ्यावरचे शिंपले शहरात विकायला आले होते आणि ते उकळत्या पाण्यात नुसते बुडवून अर्धेकच्चे खाण्याची तिथे आवड होती. शिंपल्यातला जीव दिवसभर पाणी गाळून अन्न मिळवतो आणि त्या पाण्यातला विषाणू त्याच्या शरीरात साठत जातो. कोकणात आणि गोव्यात तिसऱ्या, खुबे, कालवे पुरते शिजवून खातात, ती सवय मोलाची आहे. मात्र वाफेवर शिंपले उघडले म्हणजे ते शिजले असे धरू नये. विषाणू मरायला त्यानंतरही ते काही मिनिटे शिजावे लागतात. युरोपात आणि जपानमध्ये ई विषाणूचे वेगळे प्रकार डुकरांत आढळतात आणि अर्धेकच्चे मांस किंवा यकृत खाणाऱ्यांना त्यांचा संसर्ग होतो.

आपल्याकडे अन्नातला धोका मुख्यतः न शिजवलेल्या गोष्टींत असतो. उसाच्या रसात घातलेला बर्फ, पाणीपुरीचे पाणी, नुसत्या पाण्यात विसळलेली कोथिंबीर आणि कोशिंबिरीच्या भाज्या, चिरून उघड्यावर ठेवलेली फळे, हॉटेलातली पातळ केलेली चटणी. गरमागरम भाकरी, वरण, रस्सा यांतून हे विषाणू येत नाहीत, कारण ८५ अंश तापमानाला एक मिनिट राहिल्यावर ए विषाणू निष्प्रभ होतो. अन्न शिजल्यावर ज्या हातांनी ते वाढले जाते ते हात स्वच्छ नसतील, तर मात्र शिजवण्याचा फायदा उरत नाही. खाणावळ, वसतिगृह, लग्नाचा स्वयंपाक आणि शाळेतला पोषण आहार शिजवणाऱ्यांना शौचालयाजवळ साबण आणि वाहते पाणी मिळते की नाही, हा प्रश्न म्हणूनच चवीइतका महत्त्वाचा आहे.

वयाचा प्रश्न

ए विषाणू लहान मुलांशी सौम्यपणे वागतो. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना संसर्ग होऊनही कावीळ होत नाही. थोडा ताप, थोडी मळमळ, आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळते. मोठ्या माणसांत मात्र बहुतेकांना कावीळ होते, आजार लांबतो आणि क्वचित यकृत निकामी होते. एकेकाळी भारतात जवळपास प्रत्येक मूल शाळेत जाण्याआधी या विषाणूला भेटून गेलेले असे. त्यामुळे मोठ्यांत हा आजार कमी दिसे.

स्वच्छता सुधारली तशी ही स्थिती बदलली. एनआयव्हीच्या डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी पुण्यातले वेगवेगळ्या वर्षांचे रक्ताचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा बऱ्या परिस्थितीतल्या घरांतल्या मुलांत ए विषाणूची प्रतिपिंडे कमी झालेली दिसली. म्हणजे बंद बाटलीतले, गाळलेले पाणी पिऊन वाढलेले मूल वीस वर्षांचे होते, तेव्हा त्याच्या शरीराला या विषाणूची ओळखच नसते. वसतिगृहात, ट्रेकवर किंवा नव्या शहरात नोकरीला गेल्यावर एका दूषित घोटाने ते आजारी पडते, आणि मोठ्या वयात पडते. केरळसारख्या आरोग्यात पुढे असलेल्या राज्यात अलीकडच्या वर्षांत तरुणांत ए विषाणूच्या साथी दिसतात, त्याचे हेच कारण आहे.

म्हणून शहरी घरांतल्या मुलांना एक वर्षानंतर हिपॅटायटिस एची लस द्यावी, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. निष्क्रिय विषाणूची लस सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा, किंवा दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूची एकदा द्यावी लागते. ती सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात नाही, विकत घ्यावी लागते. लहानपणी कावीळ न झालेले तरुण, यकृताचा जुना आजार असलेले लोक आणि मोठ्या स्वयंपाकघरांत काम करणारे यांनी तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

ई विषाणूची रीत उलटी आहे. तो मुलांपेक्षा तरुणांना आणि मध्यमवयीनांना अधिक आजारी पाडतो. त्याच्यावरही लस आहे: चीनने २०११मध्ये एका लसीला परवाना दिला आणि २०२२मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊ इथल्या विस्थापितांच्या छावणीत साथ रोखण्यासाठी ती प्रथमच वापरली गेली. भारताच्या नियमित लसीकरणात ती नाही. त्यामुळे ई विषाणूपुढे आपल्याकडे आज शुद्ध पाणी हेच संरक्षण आहे.

गरोदर स्त्रियांबद्दल वेगळे आणि ठळकपणे सांगायला हवे. सर्वसाधारण रुग्णांत ई प्रकारच्या काविळीने मृत्यू कमी होतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र हा विषाणू यकृत अचानक निकामी करू शकतो आणि मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. बाळही दगावू शकते. गरोदर स्त्रीचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी तिला मोठ्या रुग्णालयात न्यावे. काविळीची साथ असलेल्या वस्तीत गरोदर स्त्रीने उकळलेलेच पाणी प्यावे, यात एकाही दिवसाची सूट घेऊ नये.

आजारात काय करावे, काय टाळावे

आधी दोन-चार दिवस ताप, मळमळ, अन्नाचा तिटकारा, विलक्षण थकवा, उजव्या बरगडीखाली दुखणे. मग गडद लघवी आणि पिवळे डोळे. रक्ताच्या तपासणीत बिलिरुबिन आणि यकृताची विकरे वाढलेली दिसतात. कोणता विषाणू आहे हे ठरवायला आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी करतात. ए आणि ईला मारणारे नेहमीचे औषध नाही आणि बहुतेकांना त्याची गरजही पडत नाही. काही आठवड्यांत यकृत आपोआप भरून येते.

आपोआप बरे होणाऱ्या या आजाराचे श्रेय ज्याच्या त्याच्या नावावर जमा होते. गळ्यात घातलेली काविळीची माळ दिवसागणिक लांब होत जाते, कारण तिच्यातल्या काड्या वाळतात आणि गाठी सैल होतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, कारण हातांना आधीच आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो आणि चुन्याशी संयोग होऊन तो पिवळा पडतो. माळेने कोणाचे थेट नुकसान होत नाही. नुकसान होते ते वाया गेलेल्या दिवसांचे. शंभरातल्या ज्या एकदोघांचे यकृत निकामी होऊ लागते, त्यांच्यासाठी तेच दिवस जीव वाचवणारे असतात. झाडपाल्याची औषधे मात्र थेट अपाय करू शकतात. सुजलेल्या यकृतावर अनोळखी काढ्याचा भार टाकणे धोक्याचे आहे. तापासाठी पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दारू पूर्ण बंद ठेवावी.

हळद, तेल, तिखट बंद करून फक्त उसाचा रस आणि चणे-गूळ यांवर रुग्णाला ठेवण्याची गरज नसते. हळदीने कावीळ वाढत नाही. रुचेल ते घरचे साधे, पोटभर अन्न थोडे-थोडे करून द्यावे. रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस तर रुग्णाला देऊच नये.

रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा फार झोपू लागला, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, उलट्या थांबेनात, किंवा रक्त गोठण्याची वेळ दाखवणारी चाचणी, म्हणजे आयएनआर, वाढलेली आली, तर यकृत हरू लागले आहे असे समजावे. तेव्हा घरी एक तासही थांबू नये.

घरी आणि गावात

पाणी खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे आणि त्याच भांड्यात झाकून थंड करावे. साधी कँडल असलेल्या फिल्टरची छिद्रे या विषाणूंपेक्षा कितीतरी मोठी असतात; त्यावर विसंबू नये. उकळणे जमत नसेल तर आरोग्य केंद्रातून मिळणारे मेडिक्लोर हे क्लोरीनचे द्रावण सूचनेप्रमाणे घालून अर्धा तास थांबावे. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. शौचानंतर, बाळाचे लंगोट बदलल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवावेत. इमारतीची जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेजचे चेंबर यांत अंतर आहे का, टाकीच्या झाकणातून पावसाचे पाणी शिरते का, हे सोसायटीने पावसाळ्याआधी पाहावे. नळाला थेट मोटार लावू नये.

घरातली ही काळजी आवश्यक आहे, पण तेवढ्याने साथ थांबत नाही. प्रत्येक घराने पाणी उकळून पिणे हा बिघडलेल्या जलवाहिनीवरचा तात्पुरता उपाय आहे. त्याला गॅस लागतो, वेळ लागतो, आणि ज्याच्याकडे दोन्ही कमी त्याच्या घरात तो टिकत नाही. जलवाहिनी दुरुस्त करणे, सांडपाण्यावर प्रक्रिया करूनच ते नदीत सोडणे, ड्रेनेज आणि पाण्याच्या वाहिन्या एकमेकींपासून दूर ठेवणे, पाणी शक्यतो सतत दाबाने पुरवणे ही नगरपालिका आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. ती त्यांना पार पाडायला लावणे हे आपले काम आहे.

यासाठी काविळीचा प्रत्येक रुग्ण नोंदवला गेला पाहिजे. आज आलेली कावीळ महिनाभरापूर्वी कुठल्या तरी नळातून आली आहे. रुग्ण एकटा असेल तर योगायोग असू शकतो. एकाच गल्लीत दोन-तीन झाले तर पाण्याची वाहिनी तपासायलाच हवी. माळ घालणाऱ्याकडे गेलेला किंवा खासगी दवाखान्यातून परस्पर बरा झालेला रुग्ण नोंदीत येत नाही, आणि मग फुटकी वाहिनी आणखी महिनाभर तशीच राहते. २०१८मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ए आणि ई यांचाही समावेश आहे, पण नोंदीशिवाय कोणताही कार्यक्रम आपल्या गल्लीपर्यंत पोहोचू शकत नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. घरात किंवा शेजारी कावीळ झाली तर रुग्णाला डॉक्टरांकडे न्या आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला, आशाताईंना किंवा पालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. नळाच्या पाण्यात उर्वरित क्लोरीन किती आहे ते तपासून मागा. आकडा लेखी मागा आणि तो ०.५ पेक्षा कमी असेल तर तक्रार नोंदवा. शेजारच्या घरात गरोदर बाई असेल तर तिला आधी सांगा.